आमच्या घरातली रामपुरं

माझ्या मोठ्या बहिणीनं नागपूरहून पाठवलेला कुरडयांचा खोका हरवला, तिथून हे सगळं सुरू झालं.

आम्ही जबलपुरात रामपूरला राहतो. म्हणजे रामपूर हा शहराचाच एक भाग, वेगळं गाव नव्हे. ऑटोवाल्याला नुसतं ‘रामपूर’ म्हटलं की पुरतं. पण नाव इतकं साधं आहे की दर दहा-पंधरा कोसांवर कोणीतरी आपल्या वस्तीला तेच ठेवून मोकळं झालेलं असतं. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. बहिणीलाही नव्हतं. तिनं खोक्यावर आमचं नाव लिहिलं, खाली ‘रामपूर, जि. जबलपूर’ असं लिहिलं, कॉलनीचं नाव विसरली, आणि पिनकोड आठवेल तसा टाकला.

त्या उन्हाळ्यात यांना निवृत्त होऊन सहा-सात महिने झाले होते. ‘हे’ म्हणजे माझे यजमान. तोफांचे सुटे भाग बनवणाऱ्या सरकारी फॅक्टरीत त्यांची सगळी नोकरी तपासणी विभागात गेली. समोर आलेला तुकडा मापात आहे की नाही ते बघायचं. असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर बाजूला काढायचा. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते, माझं एक वर्ष राहिलं होतं. मी सकाळी शाळेला निघायची तेव्हा हे आंघोळ करून, शर्ट पँटीत खोचून, पायात बूट घालून व्हरांड्यात बसलेले असायचे. जायचं कुठेच नसायचं. दुपारी परत यावं तर त्याच खुर्चीवर. बूट तेवढे काढलेले. “काय केलं दिवसभर?” विचारलं की म्हणायचे, “बसून राहिलो.” तक्रारीचा सूर नसायचा, त्याचीच मला जास्त काळजी वाटायची.

तर माझ्या फोनवर मेसेज आला की पार्सल पोहोचवलं. घरी काहीच आलेलं नव्हतं. मी म्हटलं, गेलं असेल शेजारी. यांनी मात्र चष्मा लावला, माझा फोन हातात घेतला आणि चौकशी सुरू केली. तीन दिवसांत त्यांनी पार्सल देणाऱ्या माणसाचा नंबर मिळवला. तो म्हणाला, “दे तो दिया अंकल जी, रामपुर में, किराने की दुकान पर.” कोणतं दुकान, कोणता चौक, असं विचारता विचारता लक्षात आलं की तो आमच्या रामपूरबद्दल बोलतच नव्हता. त्याचं रामपूर तिलवाऱ्याच्या पुलापलीकडे, नागपूर रोड सोडून आत होतं.

रविवारी आम्ही स्कूटरवर निघालो. कुरडयांसाठी एवढ्या उन्हात कशाला, असं मी पुलावर दोनदा म्हणून पाहिलं. वाऱ्यात यांना ऐकू आलं नसावं. नर्मदेला पाणी कमी होतं. पूल ओलांडून पुढे गेल्यावर एका ठिकाणी मुरमाचा रस्ता डावीकडे वळला आणि तासाभरानं आम्ही कडुनिंबाखालच्या एका दुकानापुढे उभे राहिलो.

दुकानात माझ्याच वयाची एक बाई बसली होती. आम्ही काही सांगायच्या आत ती उठली. “नागपुर वाला डिब्बा आपका है का? कब से धरे बैठे हैं! कोना फट गया था, चूहे खा जाते, सो हमने कनस्तर में रख दिया.” तिनं मागून पत्र्याचा डबा आणला, झाकण काढलं. कुरडया जशाच्या तशा होत्या. मग ती जरा ओशाळली. “दीदी, एक बात है. हम समझे सेवई है. दो ठो दूध-शक्कर में पका ली.”

“फिर?” मी विचारलं.

“फिर क्या, खारी लगी! हमारे आदमी ने कहा, नागपुर में लोग खीर में नमक डालते होंगे.”

हे हसायला लागले. गालातल्या गालात नाही, दुकानाच्या खांबाला हात टेकून हसले. मी बघतच राहिले. मग मी त्या बाईच्या चुलीवर तिच्याच कढईत चार कुरडया तळून दाखवल्या. तेलात टाकल्याबरोबर फुलून कढईभर झाल्या तशी ती “अरे राम” म्हणत मागे सरकली. शेजारच्या दोन बायका आल्या, त्यांनीही खाल्ल्या. अर्धा डबा आम्ही तिथंच ठेवला. निघताना मी म्हटलं, चुकीच्या पत्त्यावर आलेलं सामान तुम्ही इतकं जपलंत. ती म्हणाली, “गलत काहे का? आपका भी रामपुर, हमारा भी रामपुर.”

गावाच्या तोंडाशी सिमेंटचा पिवळा बोर्ड होता. यांनी स्कूटर थांबवली. खिशातून फोन काढला आणि मला म्हणाले, “तिथं खाली उभी राहा.”

“काहून?”

“बोर्ड केवढा उंच आहे ते कळलं पाहिजे.”

पस्तीसेक वर्षांच्या संसारात या माणसानं माझा स्वतःहून काढलेला हा पहिला फोटो, आणि त्यात मी मोजपट्टीच्या जागी होते. मी कपाळाला आठ्या घालून उभी राहिले. तो फोटो त्यांनी बहिणीला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘तुमचा पत्ता बरोबर होता.’

घरी आल्यावर मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर हे व्हरांड्यात नव्हते. आतल्या टेबलावर फोनवरचा नकाशा उघडून वहीत काहीतरी उतरवून घेत होते. “नुसत्या आपल्या आजूबाजूला किती रामपुरं आहेत माहिती आहे?” मी म्हटलं, “अच्छा. मग?” “मग काही नाही. बघून येऊ.”

आणि आम्ही बघून येऊ लागलो. आधी स्कूटरवर जाता येतील ती. एका रामपुरात बोर्डच नव्हता, तेव्हा शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या नावाचा फोटो घेतला. एका ठिकाणी बोर्डावर कोणी लग्नाचं पोस्टर चिकटवलं होतं, त्यामुळे ‘राम’ झाकला जाऊन नुसतं ‘पुर’ उरलं होतं. यांना ते पोस्टर ओलं करून सोडवावंसं वाटत होतं, मी ओढून आणलं. प्रत्येक फोटोत बोर्डाखाली मी. कधी हातात पिशवी, कधी डोक्यावर ओढणी, आठ्या सगळीकडे सारख्या. गावातली माणसं विचारायची, सरकारी काम आहे का? रस्ता होणार आहे का? हे म्हणायचे, “नहीं भैया, हम भी रामपुर के हैं.” एवढ्यावर लोक खाट टाकायचे, पाणी आणायचे. कुठे बोरं मिळाली, कुठे एक म्हातारबुवा आपल्या गावाला हे नाव कसं पडलं ते तासभर सांगत बसले आणि शेवटी म्हणाले की खरं कोणालाच ठाऊक नाही.

मला हे आवडत होतं असं मी तेव्हा कबूल केलं नसतं. रविवार माझा एकच, त्यात घरचं काम राहायचं. पण यांच्या भाकरीला चव आली होती, रात्री झोप लागत होती, आणि सोमवारी मी शाळेतून आले की सांगण्यासारखं त्यांच्याकडे काहीतरी असायचं. म्हणून जात राहिले.

हळूहळू गावांवरून हे वस्तूंवर आले. कपाळावर ‘रामपूर’ लिहिलेली बस. ‘रामपूर’ छापलेलं गव्हाचं पोतं. नेपियर टाउनला माझी दाढ काढायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट तर मी बहिणीला अजून सांगते. दवाखान्याच्या खाली एक गृहस्थ लांब पायांचा, खपाटीला पोट गेलेला कुत्रा घेऊन उभे होते. यांनी सहज विचारलं, “कौन सी जात है?” ते म्हणाले, “रामपुर हाउंड.” झालं. माझा नंबर लागलेला, वरून नर्स हाक मारतेय, आणि हे कुत्र्याला म्हणतायत, “इधर देख, बेटा, इधर.” त्या फोटोत कुत्रा फार ऐटीत उभा आहे आणि मागे मी गाल धरून.

मी निवृत्त झाले त्याच हिवाळ्यात यांच्या फॅक्टरीतल्या जुन्या सोबत्याच्या मुलीचं लग्न रीव्याला निघालं. आम्ही साताऱ्याला नव्हे, सतन्याला गाडीनं उतरलो (मराठी नातेवाइकांना हे नेहमी दोनदा सांगावं लागतं) आणि तिथून रीव्याची बस धरली. वाटेत रामपूर बाघेलान लागतं हे मला माहीत नव्हतं. यांना अर्थातच माहीत होतं. बस तिथं थांबली, ड्रायव्हर खाली उतरला, आणि हे उठले. “दोन मिनिटांत आलो.”

“अहो, बस सुटेल.”

“ड्रायव्हरच खाली आहे, कशी सुटेल?”

ड्रायव्हर लगेच परत आला आणि बस सुटली. मी ओरडले, “भैया, रोको! हमारे साहब नीचे रह गए!” कंडक्टर म्हणाला, “माताजी, पीछे दूसरी आ रही है, उसमें आ जाएँगे.” मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकून हाका मारत होते, आणि हे रस्त्याच्या कडेला फोन डोळ्यांसमोर धरून बोर्डाचा फोटो काढत होते. त्यांचं पाकीट माझ्याजवळच्या कोटात होतं. मी फोन लावला. “येतो,” म्हणाले, “तू सामान सांभाळ.”

दोन बॅगा, आहेराची साडी आणि यांचा कोट घेऊन मी लग्नघरी एकटीच उतरले. यांचे मित्र दारातच होते. “भाऊ कुठे आहेत?”

“रामपूरला.”

“अरे! म्हणजे घरीच राहिले? तब्येत बरी नाही का?”

मी तिथं पायरीवर बसले आणि रडावं की हसावं मला कळेना. शेवटी सगळं सांगितलं तर मांडवातली माणसं हसून हसून बेजार. मी हसले नाही. दोन तासांनी हे टोमॅटोच्या क्रेट भरलेल्या पिकअपमधून उतरले. दुसरी बस आलीच नव्हती. पँटीला गुडघ्यावर टोमॅटोचा डाग, केस धुळीनं पांढरे. मी कोट हातात दिला आणि दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंही बोलले नाही. वऱ्हाडी मंडळी त्यांना ‘रामपूरवाले’ म्हणून हाक मारत होती, त्याचाही मला राग येत होता.

परतीच्या गाडीत हे माझ्या समोरच्या बर्थवर बसले होते. कटनी गेल्यावर त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. “बघ.”

बोर्ड स्वच्छ आला होता. त्याच्या मागे रस्त्यावर निघालेली बस, आणि बसच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेली एक बाई. पदर उडालेला, हात पुढे केलेला, तोंड उघडं. ती मी होते हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. आरशात आपण असे कधी दिसत नाही.

“काढून टाकू?” त्यांनी विचारलं.

“राहू द्या.”

“इतकी घाबरलीस?”

“घाबरले नव्हते. चिडले होते.”

ते फोटोकडे परत बघत बसले. मग म्हणाले, “चिडल्यावर तू ओठ दाबतेस. इतकी वर्षं पाहून राहिलो मी.” आणि थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत, “पुन्हा असा उतरणार नाही.”

मी डब्यातला लाडू काढून अर्धा त्यांना दिला. आमच्यात भांडण मिटल्याचं एवढंच चिन्ह असतं.

पुढच्या वर्षी मुलीकडे दिल्लीला गेलो. मुलगी आमची नोकरीनिमित्त तिथंच असते. तिला मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र निम्म्यात हिंदी येते. यांनी उत्तर प्रदेशातल्या मोठ्या रामपूरला जायचं काढलं तेव्हा ती माझ्यावरच घसरली. “आई, बाबांना समजाव ना. एवढ्या ठंडीत काहून जाऊन राहिले? एक फोटो के लिए?” मी म्हटलं, “मीपण जातेय.” तिला ते अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं.

स्टेशनवरच्या मोठ्या पिवळ्या बोर्डाखाली मी उभी राहिले, फोटो झाला. काम खरं तर तिथंच संपलं होतं. पण यांना रामपुरी चाकू बघायचा होता. विचारत विचारत आम्ही बाजारातल्या एका बोळात शिरलो. हातभर रुंदीच्या दुकानात एक वृद्ध कारीगर सतरंजीवर बसले होते, पांढरी दाढी, मांडीवर चामड्याचा तुकडा. आजूबाजूचे त्यांना उस्ताद म्हणत होते. आम्ही विकत घेणारे नाही हे त्यांनी बघताक्षणी ओळखलं असणार, तरी बसा म्हणाले, मला स्टूल दिलं, चहा मागवला. एक चाकू उचलून अंगठ्यानं उघडला. खट्ट असा आवाज झाला. यांनी मान तिरकी करून तो आवाज ऐकला आणि म्हणाले, “फिर से खोलिए.”

मग यांनी विचारलं, “पानी किसमें देते हैं?” पोलाद तापवून एकदम थंड करतात, त्याला पाणी देणं म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. उस्तादांनी यांच्याकडे नीट बघितलं. “तेल में. पहले पानी में ही देते थे, तड़क जाता था.” यांनी विचारलं, मग परत तापवताना पात्याला रंग कुठपर्यंत येऊ देता? ते म्हणाले, पिकल्या गव्हासारखा झाला की बाहेर. हे म्हणाले, आमच्याकडे त्याच्या थोडं पुढे नेत. आणि दोघंही सुरू झाले. मला त्यातलं निम्मं समजत नव्हतं. मी चहा पीत बसले होते आणि यांच्याकडे बघत होते. फॅक्टरी सुटल्यापासून त्यांच्या कामाबद्दल त्यांना कोणी एक प्रश्न विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. सगळ्या नोकरीभर ते घरी आले की मी ‘दमलात का?’ एवढंच विचारलं होतं.

“आप क्या बनाते थे?” उस्तादांनी विचारलं.

“मैं बनाता नहीं था. बने हुए में नुक्स निकालता था.”

उस्तादांनी माझ्याकडे मान वळवली. “फिर तो आपने बहुत झेला होगा, बहनजी.”

मी मोठ्यानं हसले. मग त्यांनी हातातला चाकू मिटून यांच्यापुढे धरला. “लीजिए, निकालिए.”

यांनी चष्मा वर केला, चाकू डोळ्यांजवळ नेला, फिरवला, मुठीवरून करंगळीचं नख हळू ओढलं. “यह बीच वाली कील,” ते शेवटी म्हणाले, “ज़रा-सी ऊपर है. बाल बराबर.” उस्तादांनी अंगठा फिरवला. परत फिरवला. मग लहान हातोडी घेतली, ऐरणीवर चाकू ठेवून दोन हलके ठोके दिले आणि पुन्हा यांच्या हातात दिला. यांनी नख फिरवलं. मान डोलावली. दोघांनाही इतकं समाधान झालेलं दिसत होतं की जणू एखादं अवघड काम हातावेगळं झालं.

मी स्टुलावरून उठले, यांच्या खिशातून फोन काढला आणि चाकूवर वाकलेल्या त्या दोन डोक्यांचा फोटो काढला. यांच्या संग्रहातला मी काढलेला हा पहिला फोटो, आणि त्यात रामपूर कुठेच लिहिलेलं नाही. निघताना उस्तादांनी मला भाजी चिरायची एक छोटी सुरी दिली, काही केल्या किंमत घेईनात. म्हणाले, साहेबांनी पास केलेल्या दुकानातली आहे. दिल्लीला मुलीनं त्या सुरीनं पहिल्याच दिवशी बोट कापून घेतलं, म्हणून ती आता जबलपुरात माझ्याकडे आहे. टोमॅटोची साल अशी उतरते की बघत राहावं.

त्यानंतर मी यांना त्यांच्या फॅक्टरीतलं विचारायला लागले. भाजी निवडताना, चालायला जाताना. एखादा तुकडा परत पाठवला तर भांडणं व्हायची का? साहेब दबाव आणायचे का? सांगतात. फार रंगवून नाही सांगत, पण सांगतात. काही गोष्टी ऐकून मला वाटतं, शेजारच्या खोलीत इतकी वर्षं कोणी वेगळाच माणूस राहत होता.

फोटो आता चाळीसच्या वर गेले आहेत. मुलीनं त्यांचं पुस्तक छापून पाठवलं. बसमधला माझा फोटो तिनं पहिल्या पानावर घातला; मी विरोध केला नाही. आमच्या मराठी मंडळातले लोक येऊन पुस्तक चाळतात आणि आपापल्या आजोळाजवळच्या एखाद्या रामपूरचा पत्ता देऊन जातात.

गेल्या महिन्यात यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याच आठवड्यात माझ्या शाळेतल्या आम्ही पाच निवृत्त शिक्षिकांनी मिळून मंडल्याला जायचं आधीच ठरलं होतं. मी नको म्हणत होते, यांनीच पाठवलं. “एक डोळा आहे ना मला. तू जा. चलो.” परतताना गाडी चालवणाऱ्या भैयानं जवळचा म्हणून आतला रस्ता घेतला, आणि एका चिंचेपाशी मला बोर्ड दिसला. मी “रोको, रोको!” असं इतक्या जोरात म्हटलं की त्याला वाटलं गाडीखाली काही आलं. आम्ही पाचही जणी उतरलो. चौघींना बोर्डाखाली उभं केलं, दोघी उन्हानं डोळे मिटून घेत होत्या, एकीनं गॉगल लावला. फोटो तिरका आला आणि कोपऱ्यात माझं बोट.

तो यांना पाठवला, पण डोळ्याला पट्टी, फोन बघायचा नाही अशी डॉक्टरांची ताकीद. म्हणून मी फोन केला.

“रामपूर सापडलं,” मी म्हटलं.

“कुठी? बोर्ड कसा आहे? अक्षरं काळी की निळी?”

मी सांगायला लागले. अक्षरं काळी, खालची थोडी खरवडलेली. बाजूला हापसा आहे, दोन बायका हंडे धुऊन राहिल्या आहेत. पलीकडे शाळा, सुटायची वेळ झालेली. चिंचेखाली एक माणूस पेरू विकतोय, आमच्या सगळ्याजणी तिकडे गेल्या. हे मध्ये मध्ये ‘अच्छा’ म्हणत होते. गाडीवाला हॉर्न वाजवू लागला तरी मी रस्त्याच्या कडेला उभी राहून सांगत होते, आणि हे आणखी विचारत होते.